उजवीकडची चेन

काल रात्री एसी बंद केला. या मोसमात पहिल्यांदाच.

दुबईत ऋतू आभाळात दिसत नाहीत, एसीच्या रिमोटवर दिसतात. एप्रिलपासून दिवसरात्र घुमणारं ते यंत्र नोव्हेंबरात एकदा आपण बंद करतो, खिडकी चार बोटं उघडतो आणि घर एकदम इतकं गप्प होतं की आपणच दचकतो. मग एकेक आवाज बाहेर येऊ लागतो. फ्रीजचं कण्हणं, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची, खाली पार्किंगमध्ये कुणीतरी कुणाला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करतंय ते. आमच्या अल बर्शा भागातली सगळी मंडळी या दिवसांची वाट बघत असतात. बाल्कनीतल्या खुर्च्या पुसल्या जातात, तुळशीला नवी पानं फुटतात, मराठी ग्रुपवर कॅम्पिंगचे बेत सुरू होतात आणि भरल्या वांग्यांपासून कुकरपर्यंत कोणी काय आणायचं यावर वाळवंटात पोचायच्या आधीच रुसवेफुगवे होतात.

मला मात्र हा ऋतू आला की स्वस्थता म्हणून नाही. त्या सगळ्या बारीक आवाजांत एक आवाज असतो, जो मी उन्हाळाभर ऐकायचा प्रयत्न करते आणि एसीच्या घरघरीत तो मला धड सापडत नाही. श्रीकांतच्या श्वासाचा. श्रीकांत माझा नवरा. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात त्याची बायपास झाली, आणि तेव्हापासून मी झोपते असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. मी फक्त आडवी होते. आमच्या पलंगावर मी त्याच्या उजवीकडे झोपते, कारण डावीकडून बाथरूम जवळ आणि त्याला रात्री उठावं लागतं. तिथून हात लांब करून त्याच्या छातीवर ठेवायचा, वजन न देता, नुसता टेकवायचा. छाती वर आली, खाली गेली, की हात परत घ्यायचा. थोड्या वेळाने पुन्हा. त्याला यातलं काही कळत नाही, तो गाढ झोपेत असतो, असा माझा समज होता.

आणि कपाटात, साड्यांच्या शेजारी, एक स्लीपिंग बॅग टांगलेली आहे. बदकाच्या पिसांची, गर्द निळी. ती गुंडाळून ठेवायची नसते, पिसं दबतात आणि मग ऊब धरत नाहीत, म्हणून मोकळी टांगायची. कपाटाचं दार उघडलं की दर वेळी आत कुणीतरी उभं आहे असं वाटून माझा जीव खालीवर होतो. आज सकाळी तिला उन्हात घालायला काढली आणि गेला हिवाळा अख्खा खोलीत पसरला.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात अबू माजिदचं बोलावणं आलं होतं. अबू माजिद हा श्रीकांतच्या धंद्यातला इथला जुना भागीदार. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये श्रीकांतचं एसीच्या डक्टचं वर्कशॉप आहे. आयुष्यभर त्याने लोकांना गारवा विकला, आणि स्वतः मात्र स्वेटरशिवाय मॉलमध्ये पाऊल टाकत नाही. म्हातारा अबू माजिद दर हिवाळ्यात ससाणे घेऊन उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात शिकारीला जातो. तिथे माळरान, रीतसर परवाना, तंबू, शेकोट्या, आणि रात्री पाणी गोठेल अशी थंडी. वर्षानुवर्षं तो श्रीकांतला चल म्हणायचा आणि वर्षानुवर्षं श्रीकांत सबबी सांगायचा. कधी मुलीची परीक्षा, कधी टेंडर. एकदा तर त्याने श्राद्धाची सबब सांगितली होती, आणि श्राद्ध म्हणजे काय हे अरबीमिश्रित हिंदीत समजावता समजावता स्वतःच हसत सुटला होता.

पण ऑपरेशनच्या वेळी म्हातारा हॉस्पिटलात येऊन बसला. खजुरांचा भलामोठा डबा बायपासच्या पेशंटच्या उशाशी ठेवला, नर्स ओरडली तर तिलाच दोन खजूर खायला लावले, आणि श्रीकांतला म्हणाला की बरा हो, पुढच्या थंडीत तू माझ्याबरोबर येतोयस, खलास. त्याच्यापुढे कसल्या सबबी चालणार होत्या?

मला वाटलं होतं श्रीकांतच नाही म्हणेल. ज्या माणसाने बाथरूममधलं झुरळ कागदावर घेऊन जिन्यात नेऊन सोडलं, तो शिकारीला कसला जातोय. पण तो "बघू" म्हणाला. आणि त्याचं "बघू" मी इतकी वर्षं ओळखते. ते हो असतं. मी आकांडतांडव करायची पूर्ण तयारी केली होती. मग जेवताना तो भात कालवत सहज बोलला की ऑपरेशनपासून वर्कशॉपमधली पोरं त्याच्या हातून पानासुद्धा काढून घेतात, लिफ्टमध्ये शेजारी त्याची पिशवी धरतात, मी त्याच्या ताटातलं मीठ मोजते. त्याला धडधाकट माणूस समजून कुणी कुठे बोलावलं असेल तर त्या म्हाताऱ्यानेच. एवढं बोलून त्याने ताक मागितलं. मी तांडव बाजूला ठेवून ताक ओतलं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खुशाल जा, फक्त अंग गार पडू देऊ नका, विशेषतः रात्री. थंडीने रक्तवाहिन्या आक्रसतात, हृदयावर ताण येतो. बाकी त्यांनी पुष्कळ काही सांगितलं असेल. मी ते एकच वाक्य घेऊन घरी आले. त्या दिवसापासून मी स्लीपिंग बॅगच्या मागे लागले. त्याला अडवता येत नव्हतं, त्याच्याबरोबर जाता येत नव्हतं, बायकांचं त्या कॅम्पवर काही काम नव्हतं. राहता राहिली एक पिशवी, ज्यात तो रात्री शिरणार होता. ती तरी मी निवडणार होते.

आमची मुलगी ईरा इथेच जन्मली, इथेच नोकरी करते. मी लॅपटॉपवर रात्रंदिवस पिसं आणि अस्तरं वाचत बसलेली बघून ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ स्लीपिंग बॅग." तुझ्या लग्नाच्या शालूलासुद्धा मी इतका विचार करणार नाही, असं मी तिला सांगितलं. तिने हेडफोन लावले.

बाहेर अजून चाळीसच्या आसपास तापमान होतं, रस्त्यावरून चालताना चपलेतून तळवे भाजत होते, आणि मी मॉलमधल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात उभी राहून बर्फातल्या झोपेची चौकशी करत होते. सगळा संसार आम्ही इथे असाच उलटा केलाय. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, पण घरात एक जड लाकडी कपाट घेतलं नाही. म्हटलं, उगाच कशाला, आज ना उद्या परत जायचंच आहे. व्हिसा पुढे सरकतो, पुन्हा सरकतो, आणि आपण गुंडाळायला सोप्या वस्तूच घेत राहतो. त्या दुकानात उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की हा परत जाण्याचा हिशोब मी नेहमी दोघांचा धरला होता. एकटीने परत जायचं हे कधी त्यात नव्हतंच. मग मी घाईघाईने पुढच्या रॅककडे वळले.

स्लीपिंग बॅगेवर थंडीचे आकडे लिहिलेले असतात. मी ते नीट समजून घेतले. मोठ्या अक्षरात जो छापतात तो बहुधा लिमिटचा. म्हणजे त्या थंडीत माणूस अंगाची जुडी करून रात्र काढेल, एवढंच. त्याच्याखाली बारीक अक्षरात कम्फर्टचा आकडा असतो, तो खरा झोपेचा. सगळे पुरुष म्हणे मोठा आकडा बघून बॅग घेतात आणि मग तंबूत कुडकुडतात. मी चष्मा काढून बारीक अक्षरं वाचली. वाचता वाचता मनात आलं की बायपासपासून मी कुठल्या आकड्यावर जगतेय ते एकदा कुणीतरी मला छापून द्यावं.

सर्वांत उबदार बॅगेचा आकार निघाला ममी नावाचा. पायाशी निमुळती, खांद्याशी रुंद, डोक्यावरून टोपडं, आणि दोरी ओढली की तोंडापुरती जागा उघडी. दुकानातल्या बाईने, ती फिलिपिनो होती, फार गोड होती, ती बॅग जमिनीवर पसरून आत उशा भरून दाखवली. मला ते बांधलेलं प्रेत दिसलं. लिहूनच टाकते, कारण मनात ठेवून मी त्याच्याबरोबर फार दिवस काढले. मी तिला म्हटलं, ही नको, चौकोनी दाखव. तिने चौकोनी दाखवली आणि समजावून सांगितलं की चौकोनीत हवा खेळते, पाय गार पडतात. "अंग गार पडू देऊ नका." मी पाणी प्यायले आणि परत ममीकडे आले. पिसांची की सिंथेटिक, यावर दुसरा दिवस गेला. सिंथेटिक दमट हवेला बरी, पण जड; पिसांची हलकी आणि उबदार, पण ओल लागली की संपली. माळरानावरची थंडी कोरडी असते असं कळलं, म्हणून पिसांची. पक्षी मारायला जायचं आणि पक्ष्यांच्याच पिसांत झोपायचं, असा शेरा श्रीकांतने मारला. दुकानात मात्र तो एकदाही आला नाही. हौस तुझी आहे, म्हणाला, तूच भागव.

शेवटी पैसे द्यायच्या आधी त्या बाईने विचारलं, चेन डावीकडची हवी की उजवीकडची? मला असा काही प्रकार असतो हेच ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं, आत झोपल्यावर चेन कुठल्या बाजूला येणार ते आधी ठरवावं लागतं. माणूस उजव्या हाताने कामं करणारा असेल तर डावीकडची बरी. उजवा हात अंगावरून आडवा नेला की ती सहज उघडते. सर कुठल्या हाताने लिहितात? मी तिचं ऐकतच नव्हते. मी डोळे मिटून आमचा पलंग आठवत होते. तो इथे, मी इथे. हात हवेतच लांब केला आणि म्हटलं, "धिस साइड." उजवीकडची.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "मॅम, यू आर ऑल्सो गोइंग?"

"येस," मी म्हणाले.

पार्किंगमध्ये डिकी उघडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मी कुठे जाणार होते? त्या तंबूत त्याच्या उजवीकडे मी नसणार, फार तर अबू माजिदचा ड्रायव्हर असणार. हातात पावती होती, दुकान वर होतं, पाच मिनिटांचं काम. मी डिकी लावली आणि घरी आले. बदलून का आणली नाही, हे तेव्हा मलाच सांगता आलं नसतं. कुणाला कळणार आहे, असं म्हणत मी ती पलंगाखाली सरकवली.

आता ती खरोखर ऊब धरते की नाही हे कसं कळणार? घरात एसी सोळावर ठेवून पाहिला, श्रीकांत आत शिरला आणि घामाघूम होऊन बाहेर आला. तेव्हा सलीमभाई मदतीला आले. सलीमभाई दापोलीकडचे. कोकणातली अर्धी मासळी मुंबईला जाते आणि उरलेली माझ्याकडे येते, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. श्रीकांतच्या वर्कशॉपपासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं कोल्ड स्टोअरेज आहे आणि त्यातली सगळी डक्ट श्रीकांतने बसवलेली आहेत. त्यांच्या बायकोकडून, नजमाभाभींकडून, माझी अडचण त्यांच्या कानावर गेली. त्यांचा फोन आला. "वहिनी, पलंगावर काय ट्राय करताय? माझा चिलर आहे ना. बोला किती थंडी देऊ? रविवारी माल कमी असतो, या दोघं. चहा भाभी पाठवेल, इन्शाल्ला."

म्हणून एका रविवारी सकाळी, बाहेर ऊन रणरणत असताना, आम्ही नवराबायको स्लीपिंग बॅग घेऊन मासळीच्या चिलरमध्ये शिरलो. दोन्ही बाजूंना थर्माकोलच्या पेट्या, बर्फात रुतलेल्या सुरमया, वर पंख्यांची घोंघों. सलीमभाईंनी आम्हाला त्यांच्याकडची जाड निळी जॅकेटं दिली आणि दाराच्या आतला दांडा दाखवला; तो ढकलला की दार आतून केव्हाही उघडतं. मी तो ढकलून पाहिला. सलीमभाई बघत होते तरी पुन्हा एकदा ढकलून पाहिला. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताक फुंकावं लागतं, त्याला इलाज नाही. मग लाकडी फळ्यांवर गादीची पट्टी अंथरली, तिच्यावर बॅग पसरली आणि श्रीकांत जॅकेट काढून आत सरकला.

आणि तिथेच अडला. उजवा हात त्याने सवयीने अंगावरून आडवा डावीकडे नेला, तिथे काही नव्हतं. मग कोपर दुमडून, खांदा उचलून, तोंड वेडंवाकडं करत उजवीकडे चाचपू लागला. चेन निम्मी आली आणि अस्तरात अडकली.

"अगं, ही चेन उलट्या बाजूला आहे," तो म्हणाला.

सलीमभाई वाकले, त्यांनी बघितलं. "बरोबर. चुकीचा पीस दिला. फिकर नको, बदलून देतात ते. बिल आहे ना वहिनी?"

"बदलायची नाही," मी म्हणाले.

"का गं?" श्रीकांत बॅगेतून मान वर करून माझ्याकडे बघत होता. टोपडं डोक्यावर, तोंडापुरती जागा उघडी. पंख्यांच्या आवाजात मला ओरडूनच बोलावं लागलं, नाहीतर एवढ्या मोठ्याने मी ते कधी बोलले नसते.

"उलट्या बाजूला नाहीये ती. माझ्या बाजूला आहे."

सलीमभाई कंप्रेसर बघून येतो म्हणाले आणि निघून गेले. श्रीकांतने पुन्हा कोपर दुमडलं, अडकलेलं अस्तर सोडवलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. डोळे मिटले.

मी पेटीवर बसले. त्याचा चेहरा शांत होता आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. घरात एसीने आवाज झाकला तर हात तरी असतो. इथे पंखे घोंगावत होते, आणि हाताखाली पिसांचा एवढा जाड थर की आत छाती हलतेय की नाही हे कळायला मार्ग नाही. मी वाकून बघितलं. हाक मारली. तो "हं" म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा मारली. पुन्हा "हं". चौथ्यापाचव्यांदा तो उठूनच बसला, चेनशी झटापट करून बाहेर आला आणि मला म्हणाला, "आता तू झोप."

मी म्हटलं, मला कुठे जायचंय शिकारीला. तो म्हणाला, पिशवी तू निवडलीस ना, मग ती कशी आहे ते तूच बघ. वाद घालण्यात अर्थ नव्हता, दात वाजायला लागले होते. मी आत शिरले. आत त्याची ऊब होती, अजून तशीच. त्याने चेन लावून दिली, टोपडं सारखं केलं आणि निळं जॅकेट चढवून माझ्या जागी पेटीवर बसला. त्याची नजर माझ्यावर होती. मी जाणार नाही कुठे, म्हणाला.

एवढंच आठवतं. मी झोपले. सुरमयांच्या मध्ये, भर सकाळी, बायपासनंतर पहिल्यांदा, स्वप्नसुद्धा न पडता. जाग आली तेव्हा श्रीकांत तसाच समोर बसला होता, नाक लाल झालेलं, हातात भाभीने पाठवलेल्या चहाचा कप. त्याने माझ्याकडे बघून सांगितलं की मी घोरते. मला कारण नसताना रडू आलं. मी म्हटलं, डोळ्यांत थंडी गेली. तो म्हणाला, जाते कधीकधी.

बॅगेचा मासळीचा वास बरेच दिवस गेला नाही. अबू माजिदचे ससाणे तुझ्यावरच झडप घालतील, असं ईरा त्याला चिडवायची, आणि हे वाक्य तिने चक्क मराठीत म्हटलं होतं.

डिसेंबरात तो गेला. म्हाताऱ्याच्या घरापुढे गाड्या सामानाने भरल्या होत्या. ससाणे डोळ्यांवर चामडी टोप्या घालून ओळीत बसले होते. त्यांनाही पासपोर्ट असतात, हे मला त्या दिवशी कळलं. अबू माजिदने मला लांबूनच छातीवर हात ठेवून सलाम केला आणि श्रीकांतला म्हणाला, हबीबी, तुझी बायको मला असं बघतेय जणू मीच तुझी शिकार करणार आहे. श्रीकांतने त्याचं भाषांतर करून मला सांगितलं. मी हसले, कारण सगळे बघत होते.

ते दिवस कसे काढले ते मला नीट सांगता येत नाही. रोज सकाळी कॅम्पवरून ड्रायव्हरचा एक ओळीचा निरोप यायचा, बाबा ओके, म्हणजे श्रीकांत ठीक, आणि तेवढ्यावर मी दुपारपर्यंत चालायचे. अक्षरशः चालायचे. बर्शाच्या तळ्याच्या बागेला फेऱ्या मारायचे, घरी येऊन स्वच्छ असलेली भांडी घासायचे, करामाला जाऊन लागत नसलेली भाजी आणायचे. दुबईतले सर्वांत सुंदर दिवस ते. हवा अशी की कुणालाही गाणं म्हणावंसं वाटेल. मराठी ग्रुप डोंगरात कॅम्पिंगला गेला, पिठलंभाकरीचे फोटो आले. मी गेले नाही. घर इतकं शांत होतं की त्या शांततेत माझा कान त्याच्या श्वासाची जागा शोधत राहायचा, आणि जागा रिकामी. मग ऐन डिसेंबरात मी एसी लावून झोपू लागले. गार हवेसाठी नाही, नुसत्या आवाजासाठी. ईरा दुलई घेऊन माझ्याजवळ येऊन झोपायची. एकदा मी झोपेत हात लांब केला तर तो तिने धरून ठेवला होता.

तो परत आला दाढी वाढवून, धुराचा वास घेऊन, ओठ फुटलेले, आणि चालण्यात असा काही ताठा की मला तो लग्नातला श्रीकांत वाटला. कितीतरी दिवस सांगत होता. ससाणा हातावर बसला की मनगटात कसा रुततो ते. पक्षी मारायची वेळ आली की त्याने दर वेळी चहा करायचं निमित्त काढून पाठ कशी फिरवली ते. जनरेटर बंद पडला तेव्हा सगळे हवालदिल झाले आणि त्याने तो हातमोजे काढून कसा चालू केला ते. कुणी त्याच्या हातातून पाना काढून घेतला नाही. बॅग कशी होती, असं मी विचारलं. उत्तम, म्हणाला. मी समाधानाने ती उन्हात टाकली, झटकली, टांगली. माझी निवड बरोबर ठरली होती.

आणि आज पुन्हा तेच. काल रात्री एसी बंद केला आणि आज सकाळी अबू माजिदच्या भाच्याचा निरोप आला की मामू विचारतोय, येतोयस ना. श्रीकांत "बघू" म्हणाला. या वेळी मी तांडवाची तयारी केली नाही. बॅग बाल्कनीच्या कठड्यावर पसरली, पिसांना हाताने फुलवलं, आणि शहाण्यासारखं बोलले.

"यंदा डावीकडच्या चेनची आणू या. ही तुला उघडायला त्रास होतो."

तो तुळशीला पाणी घालत होता. "उघडायला कसला त्रास? मी ती पूर्ण लावलीच नाही कधी."

"म्हणजे?"

"छातीपाशी वीतभर उघडी ठेवायचो. बंद केली की झोप यायची नाही."

माझे हात पिसांवरच थांबले. बारीक अक्षरांतला कम्फर्टचा आकडा, ते टोपडं, ती दोरी, चिलर, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. त्या माळरानावर पाणी गोठत होतं.

"श्रीकांत, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? थंडी नाही वाजली?"

"वाजली ना," तो म्हणाला. तांब्या खाली ठेवला, आणि मी रात्री ठेवते तसाच, वजन न देता, आपला हात स्वतःच्या छातीवर टेकवला. "पण मग तुझा हात कुठून येणार?"

मला वाटत होतं तो झोपेत असतो.

यंदा छातीपुरती एक जाड लोकरीची बंडी घ्यायची, एवढं मी ठरवलं. ऊन उतरल्यावर बॅग आत आणली, झटकली आणि कपाटात होती तिथे टांगली. उजवीकडची चेन वीतभर उघडी ठेवली.